मदरबोर्डावरील धारित्रे : दोष आणि दुरुस्ती

घरात किंवा कचेरीत वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला संगणक एके दिवशी सुरू होईनासा होतो. कळ दाबली की पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. कधी पडद्यावर अक्षरे उमटतात, पण काम ऐन रंगात आले असताना यंत्र आपोआप बंद पडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुरुस्ती करणारा यंत्र उघडून पाहतो आणि निर्णय देतो, 'मदरबोर्ड गेला.' मग यंत्र अडगळीत जाते, नाहीतर भंगारवाल्याकडे.

हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो. साधारणपणे १९९९ पासून पुढील सहा-सात वर्षांत तयार झालेल्या मदरबोर्डांच्या बाबतीत तर तो अनेकदा चुकीचा ठरला आहे. अशा मदरबोर्डावरील शेकडो सुट्या भागांपैकी बाकीचे सारे शाबूत असतात. बिघडलेली असतात ती केवळ दहा-पंधरा लहान नळकांडी. त्यांना इंग्रजीत कपॅसिटर आणि मराठीत धारित्र म्हणतात. एकेका धारित्राची किंमत काही रुपयांच्या घरात असते. ती काढून नवी बसविता आली, तर संपूर्ण यंत्र पुन्हा चालू शकते.

मात्र या दुरुस्तीत जुना भाग काढून नवा बसविणे एवढ्याने भागत नाही. तो भाग कोणते काम करीत होता आणि तो का बिघडला, हे समजल्याशिवाय केलेली अदलाबदल टिकत नाही. म्हणून आपण प्रथम धारित्राचे कार्य पाहू, नंतर त्याच्या बिघाडाची कारणे आणि शेवटी दुरुस्तीची रीत.

धारित्राचे काम

दोन धातूंचे पत्रे एकमेकांजवळ ठेवले आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ घातला, की धारित्र तयार होते. एका पत्र्यावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युत् भार साठतो. मार्ग मिळताच तो बाहेर वाहतो. १७४६ साली हॉलंडमधील लायडन येथे पीटर व्हान मुशेनब्रूक यांनी काचेच्या बरणीत असा भार साठवून दाखविला. ती 'लायडनची बरणी' हे धारित्राचे आद्य रूप होय. तत्पूर्वी काही महिने एवाल्ट फोन क्लाइस्ट यांनाही जर्मनीत हाच अनुभव आला होता.

मदरबोर्डावर धारित्राची गरज का पडते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. २००२-०३ च्या सुमाराचा एखादा प्रोसेसर साठ-सत्तर वॅट शक्ती वापरीत असे. परंतु त्याला लागणारा विद्युत् दाब जेमतेम दीड व्होल्टचा होता. साठ वॅटला दीड व्होल्टने भागले की चाळीस ॲम्पिअर हा आकडा येतो. घरातील इस्त्रीला लागतो त्याच्या आठ-दहा पट हा प्रवाह आहे. शिवाय तो स्थिर नसतो. प्रोसेसर क्षणभर विसावतो तेव्हा प्रवाह घसरतो. काम येताच सेकंदाच्या दशलक्षांश भागात तो उसळतो.

यंत्राच्या वीजपुरवठा-पेटीतून येणारा दाब बारा किंवा पाच व्होल्टचा असतो. तो दीड व्होल्टवर आणण्यासाठी प्रोसेसरच्या शेजारीच ट्रॅन्झिस्टर, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि धारित्रे यांचे एक मंडल असते. त्यातील ट्रॅन्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात. त्यामुळे वीज तुकड्यातुकड्यांनी येते, आणि हे तुकडे सांधून सलग व समतल पुरवठा करणे हे वेटोळी व धारित्रे यांचे काम असते. ज्या गावात नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तेथे घरातला रांजण जे काम करतो तेच येथे धारित्र करते. पाणी येईल तेव्हा भरून घ्यावे आणि लागेल तेव्हा द्यावे.

रांजण आकाराने मोठा असला म्हणजे पुरे होत नाही. त्याचे तोंडही रुंद असावे लागते. तोंड अरुंद असेल, तर आत भरपूर पाणी असूनही ते वेळेवर बाहेर काढता येत नाही. धारित्राच्या बाबतीत या अरुंदपणाला 'आंतरिक रोध' म्हणतात. हा रोध जितका कमी, तितके धारित्र अशा जागी उपयुक्त. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील बहुतेक विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

डबीच्या आत

मदरबोर्डावरील हे नळकांडे उलगडून पाहिले, तर आत ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कागदाचा थर अशी गुंडाळी दिसते. कागद एका द्रवाने भिजलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते की दोन वर्ख हेच धारित्राचे दोन पत्रे असावेत आणि मधला कागद हा वीज अडविणारा पदार्थ. वस्तुस्थिती निराळी आहे.

एका वर्खावर कारखान्यातच विद्युत् क्रियेने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढविलेला असतो. वीज अडविण्याचे काम हा थर करतो. त्याची जाडी दर व्होल्टमागे सुमारे दीड नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या दीडपट, एवढीच असते. भिजलेला कागद वीज अडवीत नाही. त्याच्यातील द्रव विजेचा वाहक असतो आणि तोच धारित्राचा दुसरा 'पत्रा' होय. दुसरा वर्ख केवळ त्या द्रवापर्यंत वीज नेऊन पोहोचवितो. या द्रवाला विद्युत्-विच्छेद्य असे शास्त्रीय नाव आहे. पोलंडचे संशोधक कारोल पोलाक यांनी १८९६ साली अशा धारित्राच्या एकस्वासाठी अर्ज केला होता.

थर पातळ असला की धारिता वाढते. वर्खाचा पृष्ठभाग रासायनिक क्रियेने खडबडीत केला की ती आणखी वाढते. त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या डबीत १,५०० मायक्रोफॅरड धारिता मावते. लायडनच्या एका लहान बरणीची धारिता एक नॅनोफॅरडच्या आसपास असे. म्हणजे सुमारे पंधरा लाख बरण्यांचे काम ही एक डबी करते. अर्थात ती पाच-दहा व्होल्टपर्यंतच, कारण त्याहून अधिक दाब हा पातळ थर सोसू शकत नाही. तसेच थर एकाच वर्खावर असल्याने धन आणि ऋण ही टोके ठरलेली असतात. ती उलट जोडली की थर नष्ट होतो, आत वायू तयार होतो आणि डबी फुटू शकते.

द्रव कसा संपतो

या रचनेतील सर्वांत दुबळा घटक म्हणजे द्रव. डबीच्या तळाशी रबराचे बूच असते. त्यातून द्रवाची वाफ वर्षानुवर्षे अतिशय सावकाश निसटत राहते. उष्णता वाढली की हा वेग वाढतो. धारित्रावर '१०५ अंश' असे छापलेले असते आणि उत्पादकाच्या पत्रकात त्या तापमानाला टिकण्याचे तास दिलेले असतात. समजा, २,००० तास. तापमान दर दहा अंशांनी उतरले की आयुष्य साधारणपणे दुप्पट होते, असा एक व्यवहारी नियम आहे. त्यानुसार ९५ अंशांना ४,०००, ८५ ला ८,०००, ७५ ला १६,००० आणि ६५ अंशांना ३२,००० तास मिळतात. वर्षाला २,४०० तास चालणाऱ्या कचेरीतील यंत्राला हे तेरा वर्षे पुरतील. अहोरात्र चालणाऱ्या यंत्राला मात्र चार वर्षेही पुरणार नाहीत. धुळीने पंखा गुदमरला आणि तापमान दहा अंशांनी चढले, तर हा काळ निम्म्यावर येतो.

द्रव आटला की रांजणाचे तोंड अरुंद होते, म्हणजे आंतरिक रोध वाढतो. रोध वाढला की प्रवाह वाहताना धारित्र स्वतःच अधिक तापते. तापले की द्रव आणखी आटतो. अशा रीतीने एकदा सुरू झालेली घसरण पुढे झपाट्याने होते. म्हणूनच कित्येक महिने किरकोळ कुरबूर करणारा संगणक अखेरच्या काही दिवसांत एकाएकी कोसळल्यासारखा वाटतो.

तैवानमधील प्रकरण

वर वर्णन केलेले वार्धक्य स्वाभाविक आहे. परंतु २००० नंतर जे घडले ते अकाली मरण होते. अगदी नवी, दोन-तीन वर्षांचीच यंत्रे बंद पडू लागली. उघडून पाहता धारित्रांची वरची बाजू फुगलेली आणि कित्येकांतून तपकिरी द्रव बाहेर आलेला आढळू लागला.

यामागचे रसायन असे आहे. आंतरिक रोध कमी करावयाचा तर द्रव उत्तम वाहक हवा, आणि त्यासाठी त्यात पाण्याचे प्रमाण वाढविणे हा स्वस्त उपाय. १९९०-९९ या दशकाच्या अखेरीस जपानी उत्पादकांनी पाण्याचे प्रमाण पुष्कळ असलेले द्रव प्रचारात आणले. पण पाणी हे ॲल्युमिनियमचे वैरी. ऑक्साइडच्या थराला जेथे सूक्ष्म चीर पडते, तेथे पाणी धातूशी संयोग पावून ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड बनविते आणि हायड्रोजन वायू मोकळा होतो. जपान्यांच्या द्रवात हा संयोग रोखणारी द्रव्ये मिसळलेली असत. ही द्रव्ये नसतील किंवा अपुरी पडली, तर डबीत वायू कोंडत जातो आणि ती फुगू लागते.

तैवानमधील अनेक कंपन्यांची धारित्रे अशीच सदोष निघाली. २००२ च्या उत्तरार्धात आणि २००३ च्या आरंभी व्यावसायिक नियतकालिकांतून याची वाच्यता झाली. जपानमधून द्रवाचे सूत्र चोरून नेले गेले, पण ते अपुरे हाती लागले आणि रोधक द्रव्यांचा भाग राहून गेला, अशी हकिकत त्या वेळी प्रसिद्ध झाली आणि पुढे ती फार गाजली. हकिकत मनोवेधक असली तरी तिने सर्व प्रकरणाचा उलगडा होत नाही. अमेरिकेतील डेल कंपनीच्या ज्या संगणकांत हा बिघाड मोठ्या प्रमाणावर झाला, त्यांतील धारित्रे जपानमधील एका नामांकित उत्पादकाची होती. २००५ साली डेलने या दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढल्याचे जाहीर केले. पुढे २०१० मध्ये एका दाव्यातील कागदपत्रे उघड झाली. त्यांवरून असे दिसले की मे २००३ ते जुलै २००५ या काळात हा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक या कंपनीने विकले होते. ॲपल कंपनीनेही आपल्या आयमॅक जी-५ या यंत्रासाठी २००५ मध्ये विशेष दुरुस्ती-योजना चालविली.

या अनुभवानंतर उत्पादक हळूहळू घन धारित्रांकडे वळले. यांत द्रवाच्या ऐवजी वीजवाहक बहुवारिक पदार्थ, म्हणजे एका प्रकारचे प्लॅस्टिक, असते. त्यात आटण्यासारखे काही नसल्याने ती पुष्कळ अधिक टिकतात. म्हणून प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यापूर्वीच्या मदरबोर्डांना लागू आहे.

दोषाची लक्षणे

निरोगी धारित्राचा माथा सपाट असतो. त्यावर अधिक चिन्हासारख्या किंवा रोमन 'के' अक्षरासारख्या रेषा कोरलेल्या दिसतात. ही शोभा नव्हे. आतला दाब वाढल्यास डबीचा स्फोट होऊ नये, तिने या रेषांवरच उकलावे, यासाठी केलेली ती योजना आहे. माथा थोडाही उंचावलेला असेल, रेषेवर तपकिरी खपली असेल, तर ते धारित्र निकामी समजावे. कधी माथा सपाट राहतो, पण तळाचे रबरी बूच बाहेर ढकलले जाऊन धारित्र कलते. लहान व्यासाच्या धारित्रांवर बहुधा अशा रेषाच नसतात. ती बाहेरून काहीही न दाखविता बिघडतात.

याहून जुन्या यंत्रांत आणखी एक प्रकार आढळतो. १९८९ मधील मॅकिन्टॉश एसई/३० किंवा १९९२ मधील अमिगा १२०० यांवर फलकाच्या पृष्ठभागालाच चिकटविलेली बुटकी धारित्रे होती. ती फुगत नाहीत. बुडातून पाझरतात आणि तो द्रव तांब्याच्या रेषा खात जातो. अशा यंत्रात धारित्रे बदलण्यापूर्वी फलक नीट धुऊन त्या रेषा तपासाव्या लागतात.

साध्या मल्टिमीटरने केलेली तपासणी बरेचदा फसवी ठरते. बिघडलेल्या धारित्राची धारिता ठीक भरते, पण आंतरिक रोध दसपट झालेला असतो. तो मोजण्याचे स्वतंत्र उपकरण मिळते. मात्र मदरबोर्डावर अनेक धारित्रे समांतर जोडलेली असल्याने जागच्या जागी केलेले मापन विश्वसनीय नसते. म्हणून एका जागची दोन-तीन धारित्रे फुगली असतील, तर त्याच उत्पादकाची, त्याच मापाची सर्वच्या सर्व बदलणे शहाणपणाचे. एकाच खेपेत तयार झालेली, एकाच उष्णतेत राहिलेली ही भावंडे एकमेकांच्या मागोमाग जातात.

याच वेळी वीजपुरवठा-पेटीचाही विचार करावा. तिच्यातील धारित्रेही त्याच काळातील असतात आणि बिघडलेली पेटी दुरुस्त झालेल्या मदरबोर्डाला पुन्हा आजारी पाडते. पण ती पेटी उघडण्याचे धाडस नवशिक्याने करू नये. आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून तिच्या आतील मोठ्या धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि तारखूण काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. तो प्राणघातक आहे. अशा वेळी चांगली पेटी विकत घेणे हाच योग्य मार्ग होय.

नव्या धारित्राची निवड

जुन्या धारित्रावर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, '१५०० मायक्रोफॅरड' आणि '६.३ व्होल्ट'. नव्याची धारिता तेवढीच असावी. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा थोडा जास्त चालतो. कमी कदापि चालत नाही. तापमान १०५ अंशांचे हवे. व्यास आणि दोन पायांमधील अंतर जुळले पाहिजे. आठ मिलिमीटर व्यासाला साडेतीन आणि दहा मिलिमीटर व्यासाला पाच मिलिमीटर अंतर असते. उंचीही पाहावी, नाहीतर प्रोसेसरवरील थंडावा देणारा ठोकळा तिच्यावर अडतो.

हे सर्व जुळूनही दुरुस्ती फसते, आणि त्याचे कारण पुन्हा आंतरिक रोध. दुकानात याच आकड्यांची सर्वसाधारण धारित्रे स्वस्त मिळतात. त्यांचा रोध कित्येक पट अधिक असतो. ती बसविली, तर यंत्र सुरू होते. पण ती तापत राहतात आणि थोड्याच महिन्यांत मूळचीच तक्रार परत येते. म्हणून उत्पादकाचे पत्रक पाहून 'कमी रोधाची' मालिकाच निवडावी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा बंगळूरचा एस. पी. रोड येथे सुट्या भागांची मोठी दुकाने आहेत. परंतु नामांकित कंपनीचे वेष्टन चढविलेला बनावट मालही बाजारात फिरत असतो. किंमत संशयास्पद रीत्या कमी असेल, तर तो मोह टाळावा. जुन्या मदरबोर्डावरून उपटलेली धारित्रे तर मुळीच वापरू नयेत.

जुने काढणे

कामास आरंभ करण्यापूर्वी मदरबोर्ड पेटीतून पूर्णपणे बाहेर काढावा. प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या आणि घड्याळाचा सेल अलग करावा. फलकाची दोन्ही बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे घ्यावी. प्रत्येक धारित्राची जागा, आकडे आणि त्याच्यावरील पट्टीची दिशा कागदावर टिपून घ्यावी. ही पट्टी ऋण टोक दाखविते. फलकावरही अर्धवर्तुळाची खूण छापलेली असते. ती बहुधा ऋण बाजूची असते, पण काही उत्पादकांनी तीच खूण धन बाजूसाठी वापरली आहे. म्हणून छापील खुणेपेक्षा आपली नोंद अधिक विश्वासार्ह मानावी.

डाख वितळविण्यासाठी चाळीस ते साठ वॅटचे, शक्यतो तापमान नियंत्रित करता येणारे सोल्डरिंग आयर्न घ्यावे. रेडिओ-दुरुस्तीतले लहान आयर्न येथे अपुरे पडते. मदरबोर्ड दिसतो एका पत्र्यासारखा. पण तो तांब्याचे चार किंवा अधिक थर एकत्र दाबून बनविलेला असतो. धारित्राचा एक पाय आतील संपूर्ण तांब्याच्या थराला जोडलेला असल्याने तो थर आयर्नची उष्णता शोषून घेतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिसेयुक्त डाखावर निर्बंध घातले. त्यानंतरच्या फलकांवर बहुधा बिनशिशाचा डाख असतो आणि त्याला वितळण्यास सुमारे २१७ अंश लागतात; जुना कथील-शिशाचा डाख १८३ अंशांना वितळतो. म्हणून जुन्या सांध्यावर प्रथम थोडा नवा शिसेयुक्त डाख आणि राळेचा फ्लक्स लावावा. दोन्ही मिसळून सांधा लवकर मऊ होतो.

मग एका पायावर आयर्न टेकवून, दुसऱ्या बाजूने धारित्राला बोटाने अलगद कलते करावे. तो पाय थोडा वर सरकला की आयर्न दुसऱ्या पायावर न्यावे आणि उलट बाजूस कलवावे. असे आळीपाळीने केले की धारित्र चालत चालत बाहेर येते. जोर लावून उपटू नये. भोकाच्या आत तांब्याचा पातळ अस्तर-थर असतो आणि तोच फलकाच्या निरनिराळ्या थरांना जोडतो. पाय ओढला की अस्तर फाटते, आणि मग चांगले धारित्र बसवूनही जोडणी होत नाही.

भोकात राहिलेला डाख काढणे हा या कामातील सर्वांत चिकाटीचा भाग. तो तापवून सोल्डर सकरने ओढून घ्यावा, किंवा तांब्याच्या तारांची वेणी टेकवून शोषवावा. इतक्याने निघाला नाही, तर डाख वितळलेला असताना स्टेनलेस स्टीलची बारीक सुई भोकातून घालावी. या पोलादाला डाख चिकटत नाही. ड्रिल मात्र वापरू नये, कारण त्याने अस्तरच कापले जाते.

नवे बसविणे आणि पहिली चाचणी

नव्या धारित्राचा लांब पाय धन टोकाचा असतो. नोंद पाहून ते भोकात घालावे, फलकाला टेकवावे, मागील बाजूने डाख द्यावा आणि उरलेले पाय कापावे. चांगला सांधा डोंगराच्या उतारासारखा पायापासून फलकाकडे पसरलेला दिसतो. गोळा झालेला सांधा बहुधा थंड राहिलेला असतो. राळेचा अवशेष आणि सांडलेला जुना द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. काम करताना खिडकी उघडी असावी. डाखात शिसे असल्याने काम संपताच हात स्वच्छ धुवावे.

वीज देण्यापूर्वी सर्व धारित्रांची दिशा पुन्हा एकदा, शक्य झाल्यास दुसऱ्या माणसाकडून, छायाचित्राशी ताडून पाहावी. मल्टिमीटरने वीजजोडणीच्या खोबणीत ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या टोकांचा भूमीशी थेट संपर्क झालेला नाही याची खात्री करावी. पहिल्यांदा कळ दाबताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण उलट बसलेले धारित्र फुटू शकते. यंत्र सुरू झाले, तर स्मृती तपासणारा प्रोग्राम काही तास चालवून ठेवावा. पाच मिनिटे चालणे ही परीक्षा नव्हे.

कधी एवढे करूनही यंत्र जागे होत नाही. धारित्रे दीर्घकाळ बिघडलेली राहिली, तर शेजारच्या ट्रॅन्झिस्टरांवर ताण पडून तेही जळतात. क्वचित प्रोसेसरही जातो. म्हणून लक्षणे दिसताच यंत्र वापरणे थांबविणे हाच त्याला वाचविण्याचा पहिला उपाय.

दुरुस्तीचे मोल

वीस वर्षांपूर्वीच्या संगणकासाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. घरगुती वापरासाठी आजचा साधा संगणकही त्याच्याहून कितीतरी वेगवान आहे. परंतु सर्वच जुनी यंत्रे पत्रे लिहिण्यासाठी ठेवलेली नसतात. एखाद्या कारखान्यातील लेथ किंवा प्रयोगशाळेतील मापन-उपकरण जुन्या पद्धतीच्या खोबणीत बसणाऱ्या एका विशिष्ट कार्डावर चालत असते. तशी खोबण नव्या मदरबोर्डांवर नसते. तेथे मदरबोर्ड गेला, की लाखो रुपयांचे, इतर सर्व दृष्टींनी धडधाकट यंत्र निकामी होते. दहा-पंधरा धारित्रांचा प्रश्न तेथे एखाद्या कारागिराच्या रोजीरोटीचा प्रश्न होऊन बसतो.

दुसरी बाजू कचऱ्याची आहे. टाकून दिलेल्या मदरबोर्डात तांबे आणि सोने असते, तसेच शिसेही असते. दिल्लीच्या सीलमपूर भागात असे फलक फोडून, तापवून, आम्लात बुडवून त्यांतील धातू काढण्याचा उद्योग दीर्घकाळ चालत आला आहे, आणि त्याचा धूर तेथील माणसांच्याच छातीत जातो. भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधीचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आले. त्यांची नवी आवृत्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. नियमांनी कचऱ्याची विल्हेवाट सुधारते. पण जे यंत्र दुरुस्त होऊन आणखी काही वर्षे चालते, ते त्या काळापुरते कचऱ्यात जातच नाही.

प्रत्येक जुना मदरबोर्ड वाचविता येईल असे नाही, आणि वाचवावा असेही नाही. मात्र 'गेला' असे म्हणण्यापूर्वी काय गेले, हे पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी. यंत्राचे झाकण उघडून त्या लहान डब्यांच्या माथ्यांवरून एकदा नजर फिरविण्यास पाच मिनिटे पुरतात. ते सपाट आहेत की फुगलेले, एवढ्यावरून पुष्कळदा कळून येते की यंत्र खरोखरच संपले आहे की त्याला थोड्या रुपयांची आणि एका दुपारच्या धीराची गरज आहे.